आबांनी कॉलेज पाहिलं

आमच्या घरात मुलीला परक्या ठिकाणी पाठवायची एकच पद्धत माहीत होती, ती म्हणजे लग्न. त्यामुळे डिप्लोमा संपवून मी डिग्रीला जायचं म्हटलं, तेव्हा आबांनी जे केलं त्यात त्यांना स्वतःला काहीच विचित्र वाटलं नाही. वाटलं ते मला, जळगावच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना आणि त्या दिवशी व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्या पोरांना.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. मी धुळ्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. त्याला कोणी हरकत घेतली नव्हती, कारण धुळ्याला मामाचं घर होतं आणि मामाकडे राहणं म्हणजे घरातच राहणं. मी तिथे काय शिकते हे कोणी विचारलं नाही. गावात कोणी चौकशी केलीच तर आई सांगायची, "मामाकडे शे." एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं.

डिप्लोमाला मार्क चांगले पडले. असे मार्क असले की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माहिती तंत्रज्ञान म्हणून नवी शाखा निघाली होती, तिच्या यादीत माझं नाव लागलं. आठवडाभरात जाऊन प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्याला. मी आणि वडील, म्हणजे नाना, जाऊन यादी डोळ्यांनी पाहून आलो. नानांनी माझ्या नावावर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग आम्ही व्हरांड्यातल्या नळाला पाणी प्यायलो आणि एकमेकांकडे बघितलं. पाणी खारं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं खारट. नाना हळूच म्हणाले, "आबाले सांगू नको."

हे नानांनी का म्हटलं ते सांगायचं तर आधी आबा सांगायला हवेत.

आबा म्हणजे माझे थोरले काका, घरचे कारभारी. घरात काही ठरायचं ते आबांनी ठरवायचं. आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा करून दाराआडून बोलायची आणि नाना त्यांच्यासमोर बोलायचेच नाहीत. आबांनी आयुष्यात दोन कामं मनापासून केली, शेती आणि सोयरीक. अर्ध्या तालुक्यातली लग्नं त्यांनी जुळवली असतील. कोणाचीही मुलगी द्यायची असली की आबांना सोबत नेत. आबा तिथे जात, खाटेवर बसत, राम राम होई, आणि मग यजमान चहाचं विचारी तेव्हा आबा हात वर करून म्हणत, "पहिले पानी आना." पाणी आलं की एक घोट तोंडात घोळवत. तोंड वाकडं झालं की सोयरीक संपली. मग त्या घरात सोन्याच्या विटा का असेनात. आबांच्या तोंडाकडे बघत बसलेले मुलाचे बाप मी स्वतः पाहिले आहेत.

याच्यामागे अक्का होती. अक्का म्हणजे आबांची धाकटी बहीण, माझी आत्या. तिची सोयरीक आबांनीच ठरवली होती, तरुणपणी, त्यांची पहिलीच. त्यांनी जमीन पाहिली, बैलजोडी पाहिली, घर पाहिलं. पाणी पाहिलं नाही. त्या गावात विहीर उतारावर आणि पाणी तळाला. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढताना अक्का घसरली आणि कमरेतून गेली. वर्षभराने सासरच्यांनी तिला आमच्या दाराशी आणून सोडलं. तेव्हापासून ती आमच्या ओसरीवर बसून असायची. बसल्या बसल्याच घरभर सरकायची, लसूण निवडायची, शेंगा फोडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायची. घरात कोणी तिच्या पडण्याबद्दल बोलत नसे. आबा रोज सकाळी पाण्याचा पहिला तांब्या तिच्यापुढे ठेवत आणि मगच शेतावर जात.

तर माझं नाव यादीत लागलं त्याच सुमाराला शिरपूरकडचं एक स्थळही सांगून आलं होतं. मुलगा शेती बघणारा, ट्रॅक्टर घरचा. मध्यस्थ तिसऱ्यांदा येऊन बसला होता. मी आबांसमोर उभी राहून डिग्रीचं सांगितलं. आवाज चढला माझा, तो चढतोच. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तठे आपलं कोनी शे का?" त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं. जळगावात आपलं कोणी नाही.

"मंग परकं घर शे ते." आबा थोडा वेळ शेंगा फोडत बसले. मग म्हणाले, "म्हंजे दोन स्थळ शेतस. दोन्ही देखसूत."

मला आधी वाटलं ते चिडवताहेत. पण आबांना चिडवता येत नसे. त्यांच्या हिशेबी मुलगी घरातून निघून तीन वर्षं परक्यांत राहणार, तर तिथली माणसं, घर, पाणी बघायला नको का? शिरपूरकडचं तेवढं बघायचं आणि जळगावचं नाही, हा कुठला न्याय? मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. "मी काय म्हैस शे का, बाजारमा नेवाले?" आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "त्यास्ले देखू दे. तू तोंड उघाडू नको." अक्का ओसरीवरून ओरडली, "म्हैसले बी इतलं देखत नहीत व माय!"

शिरपूरकडे पाच माणसं गेली. आबा, नाना आणि गावातले आबांचे नेहमीचे तीन सोबती. तिघेही पांढऱ्या टोपीचे, तिघांचंही सोयरीक हेच करमणुकीचं साधन. संध्याकाळी आले ते खुशीत होते. घर पक्कं होतं, मुलगा नीट बोलला, आणि आबा पाय धुताना म्हणाले, "पानी गोड शे."

मला त्या नळाची चव अजून आठवत होती.

त्यानंतरचे दोन दिवस नाना घरात चोरासारखे वावरत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे जळगावला निघायचं होतं. नानांनी मला गोठ्याच्या मागे बोलावलं आणि गवताखाली लपवलेला पांढरा प्लास्टिकचा कॅन दाखवला. आमच्या विहिरीचं गोड पाणी त्यांनी त्यात भरलं होतं. योजना अशी होती की कॉलेजात पोचल्यावर नानांनी शिपायाला गाठायचं आणि आबांच्या पेल्यात हेच पाणी घालायला लावायचं. माझे वडील उभ्या आयुष्यात आबांशी खोटं बोलले नव्हते. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती.

जीपमध्ये तीच पाच माणसं आणि मी, पुढे ड्रायव्हर, शेंगांचं एक पोतं, नारळ, आणि नानांच्या पायामागे कॅन. जूनचं ऊन. पाऊस अजून यायचा होता आणि खानदेशात जूनचे ते दिवस मे महिन्याहून वाईट. धुळं मागे पडलं तोवर जीपचा पत्रा हात लावू देईना. पारोळ्याच्या पुढे तिघा सोबत्यांपैकी एकाच्या पायाला कॅन लागला.

"हाई काय शे?"

नानांनी कॅन आणखी मागे सरकवला. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि ओंजळ पुढे केली. मग दुसऱ्याने. मग आबांनी. एरंडोल आलं तेव्हा कॅन पालथा केला तरी थेंब पडेना. आबांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. "हुशार शे तू. पानी संगे लिधं." लहानपणापासून आबांनी नानांना हुशार म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. नाना खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता.

कॉलेजच्या फाटकाशी पाच पांढऱ्या टोप्या जीपमधून उतरल्या आणि आत चालू लागल्या. मी मागे, माझ्या मागे ड्रायव्हर पोतं घेऊन. विभागप्रमुख म्हणजे तिशीतला, बारीक, घाबरट दिसणारा माणूस. त्यांनी आम्हाला खिडकीतून बघितलं आणि ते उठून उभेच राहिले. मला नंतर कळलं की कॉलेजच्या मैदानाच्या जमिनीवरून काही शेतकऱ्यांशी वाद चालू होता आणि सरांना वाटलं ते शिष्टमंडळ आलं.

"हे बघा," आबा खुर्चीत बसायच्या आधीच सर म्हणाले, "जमिनीचं माझ्या हातात काही नाही. प्रकरण कोर्टात आहे."

आबांनी सोबत्यांकडे बघितलं. "जमीनना वाद शे," ते हळूच म्हणाले. तिघांनी माना हलवल्या. कॉलेजचा पहिला गुण तिथेच गेला.

मी मध्ये पडून सांगितलं की मी यादीतली विद्यार्थिनी आहे आणि हे माझ्या घरचे आहेत, कॉलेज बघायला आले आहेत. सरांचा जीव भांड्यात पडला. ते खूप हसले. त्यांना वाटलं आता इमारत दाखवली की झालं.

आबांनी त्यांना बसवलं. सरांच्याच ऑफिसात सरांना बसवलं. आणि चौकशी सुरू केली. मूळ गाव कुठलं? भाऊ किती? वडील काय करतात? स्वभावाने रागीट आहात का? सर उत्तरं देत गेले, कारण आबा विचारायला लागले की माणूस देतोच. ते नाशिककडचे, दोन बहिणी, वडील शिक्षक. रागीट आहात का, याच्यावर ते माझ्याकडे बघायला लागले. मी नजर जमिनीवर ठेवली. तेवढ्यात तिघांपैकी एकाने विचारलं, "घरमा पोरी कितल्या शेतस?" सर गोंधळले. मी खालच्या आवाजात म्हटलं, वर्गात मुली किती आहेत विचारतायत. सात, सर म्हणाले. सात पोरी म्हटल्यावर पाचही जणांना त्यांची दया आली.

मग हॉस्टेल. तिथल्या रेक्टर बाई म्हणजे सासू, असं आबांनी आपलं धरूनच टाकलं होतं. त्या कडक होत्या, आबाही कडक होते, दोघांचं पटलं. आबांनी एकेका खोलीच्या दाराची कडी आतून लावून, बाहेरून ढकलून बघितली. एक कडी सैल निघाली. बाईंनी तिथल्या तिथे सुताराला बोलावलं. आबा म्हणाले, "बाई चांगली शे."

मग त्यांना कॉम्प्युटर बघायचा होता.

प्रयोगशाळेच्या बाहेर चपला काढायच्या असत. देवळासारखं आत गेले सगळे, टोप्या नीट करून. आत एसी होता. सबंध कॉलेजात तेवढीच एक थंड खोली. सकाळपासून जीपच्या पत्र्यावर भाजून निघालेल्या त्या माणसांना गार वारा लागला आणि एकाच्या तोंडून नुसता "हां" असा आवाज निघाला. खुर्च्या फिरत्या होत्या, त्यावर बसायला कोणी तयार होईना. जमिनीवर जाजम होतं, त्यावर पाचही जण मांडी घालून बसले. समोर एका पडद्यावर रंगीत नळ्या आपोआप वाढत होत्या, वळत होत्या, एकमेकींत गुंतत होत्या.

"हाई काय करी ऱ्हायना?" आबांनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "त्याला काम नसलं की तो असं करत बसतो."

आबांनी बराच वेळ ते पाहिलं. "रिकामा बी बसत नही," ते सोबत्यांना म्हणाले. तिघेही भिंतीला टेकून झोपले होते. एक तर घोरत होता. सर माझ्याकडे बघत होते, मी भिंतीकडे बघत होते. दारातून पोरं डोकावून जात होती. शेवटी वीज गेली, कॉम्प्युटरच्या बॅटऱ्या एकदम ओरडायला लागल्या आणि तिघे दचकून उठले ते चपला शोधतच बाहेर पळाले. बाहेर आल्यावर त्यांनी एकमुखाने सांगितलं की घर थंड आहे.

मला क्षणभर वाटलं की जमलं. गारव्यावरच जमलं. नानांनाही वाटलं असावं, कारण ते पहिल्यांदाच सरळ उभे राहिले होते.

आम्ही परत सरांच्या ऑफिसात आलो. सर म्हणाले, "चहा सांगतो."

आबांनी हात वर केला. "पहिले पानी आना."

शिपायाने ट्रेमध्ये स्टीलचे पेले आणले. नाना दाराच्या चौकटीला धरून उभे. आबांनी पेला उचलला, घोट घेतला, तोंडात घोळवला. आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. सगळ्यांना दिसेल असं. तिघा सोबत्यांनी पेले न उचलता तसेच ठेवून दिले. त्यांच्या हिशेबी काम संपलं होतं. एक जण तर टोपी झटकून उठायलाच लागला.

"खारं शे," आबा म्हणाले.

"हो, बोअरचं आहे," सर म्हणाले. त्यांना काय, त्यांना वाटलं माहिती विचारताहेत.

मला रडू फुटणार होतं. रडायचं नाही असं ठरवून आले होते, पण राग आवरत नव्हता. तीन वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला आणि आता पाण्याची चव माझं आयुष्य ठरवणार. मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात आबांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "हाई पानी कोन भरस?"

सरांना कळलं नाही. मी सांगितलं. "कोणी भरत नाही," सर म्हणाले. "मोटर आहे. टाकीत चढतं, नळाला येतं."

"हॉस्टेलमा?"

"तिथेही नळ आहे. प्रत्येक मजल्यावर."

"पोरीस्ले भरनं पडत नही?"

"नाही हो. कशाला भरतील?"

आबा उठले. टाकी बघायची आहे म्हणाले. सर नको नको म्हणत असताना हा सत्तरीकडे झुकलेला माणूस लोखंडी शिडीने गच्चीवर चढला, टाकीचं झाकण उचलून आत बघून आला. मग हॉस्टेलात परत जाऊन वरच्या मजल्यावरचा नळ सोडला. पाणी धो धो आलं. आबांनी तो बंद केला, परत सोडला, परत बंद केला. रेक्टर बाई पाण्याची नासाडी नको म्हणत होत्या, पण तेही हळू आवाजात.

खाली आल्यावर आबा सोबत्यांना म्हणाले, "शिरपूरकडे पानी गोड शे. पन थोरली सून लांबथीन आनस. मी देखं, हंडा उतारताना तिनं कंबर धरी." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आठे खारं शे. पन नळले शे."

एवढं बोलून त्यांनी पोत्याकडे हात केला आणि नारळ मागवला.

पुढचं मला आजही आठवलं की हसू येतं. आबांनी सरांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, शेंगांचं पोतं टेबलाशेजारी उभं केलं. "आम्हनी पोर तुमले पसंत शे ना?"

"पसंत म्हणजे," सर म्हणाले, "तिचं नाव यादीतच आहे. मार्कांवर लागलंय. फक्त कागदपत्रं जमा करायची."

"तसं नही. पसंत शे का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. "पसंत आहे," ते म्हणाले. मग पाचही जणांनी एकेक करून त्यांची गळाभेट घेतली, व्याह्याची घेतात तशी, आधी डाव्या खांद्याला आणि मग उजव्या. नाशिककडचा तो बारीक माणूस पाच खानदेशी शेतकऱ्यांच्या मिठीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चष्मा वाकडा झाला होता. नाना शेवटी भेटले आणि त्यांनी सरांना सोडलंच नाही. सरांना कारण कळायचा मार्ग नव्हता. ते नानांच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले.

असं माझं कॉलेजशी जमलं. शिरपूरकडच्या मध्यस्थाला आबांनी सांगितलं की पोर दिली. कुठे दिली, असं त्याने विचारलं तर म्हणाले, जळगावला.

मी समजत होते की गंमत तिथे संपली. पण आबांनी दिली म्हणजे दिली. दोन-तीन महिन्यांनी ते मला भेटायला आले. कॉलेजच्या व्हरांड्यासमोरच्या निंबाखाली बसले, डब्यातली भाकरी मला दिली. सरांना कळलं तसे ते स्वतः बाहेर आले आणि चहाला चला म्हणाले. आबा हात जोडून नाही म्हणाले. पाणी तरी घ्या. तेही नाही. शेजारी फिरकीचा पितळी तांब्या होता, घरून भरून आणलेला. आबांनी त्याची फिरकी उघडली, त्यातले दोन घोट प्यायले आणि परत बंद केली.

सर दुखावले. मला बोलावून विचारलं, "काय चुकलं आमचं?"

आमच्याकडे लेक दिली त्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत, मी सांगितलं. तिला मूल झालं की मग घेतात. हे सांगताना माझे कान गरम झाले होते. सर गणिताचे माणूस, त्यांनी क्षणभर विचार केला. "मग हे कधी घेणार?"



तीन वर्षं हे चाललं. आबा यायचे, निंबाखाली बसायचे, उन्हाने जीव जात असला तरी घोटभर पाणी कॉलेजचं घ्यायचे नाहीत. कँटीनवाला त्यांच्याशी बोलेनासा झाला. मुलं मला विचारायची, आज तुझे माहेरचे आलेत का? एकदा मी चिडून आबांना म्हटलंच, "आबा, हाई सासर नही शे! हाई कॉलेज शे!" आबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मी दिधी ना तुले आठे?" ते म्हणाले. "मंग कसं पेवानं?"

पहिल्यांदाच मला वाटलं की या माणसाने माझ्या शिक्षणाला जेवढा मान दिला आहे तेवढा कॉलेजनेही दिलेला नाही. आमच्यातल्या कितीतरी मुलींना शिकायला पाठवतात ते लग्न जमेपर्यंत वेळ जावा म्हणून. मला आबांनी दिलं होतं. पूर्णपणे.

शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्ट करायचा होता. मी बसचं वेळापत्रक सांगणारा प्रोग्रॅम केला. गावाचं नाव टाकलं की गाडी कुठून, किती वाजता, कोणत्या रस्त्याने, ते पडद्यावर यायचं. सहा महिने मी त्याच्याशी झगडत होते. तो कधी साक्रीची गाडी रावेरला पाठवायचा, कधी पहूरला दिवसातून दोनशे गाड्या दाखवायचा. ज्या दिवशी तो परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा होता त्या दिवशी आबा आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सरांनी त्यांना निंबाखालून उठवून आत आणलं, चपला काढायला लावल्या आणि माझ्या मागे जाजमावर बसवलं.

परीक्षकांनी विचारायचं ते मला विचारलं. प्रोग्रॅम एकदाही अडला नाही. ते गेल्यावर सर म्हणाले, आबांना दाखव.

मी आमच्या गावाचं नाव टाकलं. पडद्यावर संध्याकाळची गाडी आली, धुळ्याहून साक्रीमार्गे, आबा ज्या गाडीने घरी जायचे तीच. मी वाचून दाखवलं. आबा उठून पडद्याजवळ गेले. डोळे बारीक करून बघत राहिले.

"हाई तू करं?"

"मी करं, आबा."

"बठ्ठं? सम्दं?"

"बठ्ठं."

आबांनी पडद्याच्या कडेवरून हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग माझ्याकडे न बघता, सरांकडेही न बघता म्हणाले, "पानी आन."

मग सर धावले. ते थंडगार बाटली घेऊन आले, रंगीत सरबताची. आबांनी ती बाजूला केली. "नळनं आन."

मी व्हरांड्यात गेले, पेला भरला. घाईत निम्मं सांडत तो आत आणला. आबांनी तो पेला एका दमात संपवला. तोंड वाकडं झालं. "खारंच शे," ते म्हणाले आणि पेला परत पुढे केला. मी परत भरून आणला. तोही प्यायले. कँटीनवाल्याला कोणीतरी सांगितलं असावं, तो दारात येऊन उभा होता आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता.

निघताना आबा नळाशी थांबले. फिरकीच्या तांब्यातलं घरचं पाणी त्यांनी निंबाच्या बुडाशी ओतलं. मग तांब्या नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि फिरकी घट्ट लावली. मी विचारलं, हे कशाला?

"अक्काले पाजानं शे," आबा म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. त्याच गाडीने. तांब्या सबंध रस्ताभर आबांच्या मांडीवर होता. ओसरीवर दिवा होता आणि अक्का लसूण निवडत बसली होती. आबा तिच्यापुढे उकिडवे बसले, तांब्या उघडला आणि म्हणाले, पोरीच्या घरचं पाणी आहे, तिला एकदाही भरावं लागलं नाही.

अक्काने तांब्या दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला. "कितलं खारं शे व माय!" ती म्हणाली. आणि खाली न ठेवता तिने ते शेवटपर्यंत पिऊन टाकलं.